स्टॅटिन बंद केली तरी ताकद परत येत नाही? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

आईची कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, बंद करून सहा आठवडे झाले होते, तेव्हा तिचं सीपीके (स्नायू तुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) ९,४०० आलं. नॉर्मल असतं साधारण २००च्या आत. "गोळीमुळे स्नायू दुखतात, गोळी बंद केलीय, आता वाट पाहा," असं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही मुकाट्याने वाट पाहिली. त्या सहा आठवड्यांत परळच्या आमच्या चाळीतले दोन जिने चढणारी बाई पलंगावरून उठायला हात मागू लागली.

आजाराचं नाव लांबलचक आहे: इम्यून-मीडिएटेड नेक्रोटायझिंग मायोपॅथी. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते आणि स्नायूंचे तंतू मरत जातात. स्टॅटिन गोळी यकृतातल्या ज्या एन्झाइमचं काम अडवते, त्या एचएमजी-सीओए रिडक्टेजविरुद्धच शरीर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवायला लागतं. एकदा हे सुरू झालं की गोळी थांबवल्याने ते थांबत नाही. आजार दुर्मिळ आहे. स्टॅटिन घेणाऱ्या लाखभर लोकांत दोन-तीन जणांना होतो. त्यामुळे हा लेख वाचून कुणी घाबरून आपली गोळी बंद करू नये. हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळणारी ती गोळी आहे, आणि पाय दुखण्याच्या बहुतेक तक्रारी तिच्यामुळे नसतातच.

आईनंतर ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून बऱ्याच घरांनी मला फोन केले. चुका सगळीकडे त्याच दिसल्या, आणि त्या बहुतेक क्रमाच्या होत्या. मी डॉक्टर नाही. खाली जे लिहिलंय ते डॉक्टरांकडे नीट तयारीने आणि वेळेत पोचण्यासाठी आहे.

## १. आधी ठरवा: दुखतंय की ताकद गेलीय?

सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. साध्या स्नायुदुखीत पोटऱ्या, मांड्या ठणकतात, पण माणूस उठतो, जिना चढतो. या आजारात उलटं होतं. दुखणं कधी असतं, कधी जवळजवळ नसतंच, पण कंबर, मांड्या आणि खांदे यांतली ताकद जाते, आणि दोन्ही बाजूंची जाते. हाताची मूठ मात्र बराच काळ शाबूत राहते. म्हणून पेशंट डॉक्टरांचा हात घट्ट दाबून दाखवतो आणि "ताकद तर चांगली आहे" असं ऐकून परत येतो.

घरात हे असं दिसतं: भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना नळ धरावा लागतो. लोकलच्या पायरीवर आधी दांडा धरून अंग वर ओढावं लागतं. केस विंचरताना हात खाली येतात. आमच्याकडे पहिली खूण वलणीवर दिसली होती. छताजवळच्या वलणीवर काठीने साडी वाळत घालणं हे आईचं रोजचं काम. एके दिवशी तिने काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तूच टाक रे, खांदा भरून आलाय." पुढचे तीन महिने साड्या मीच टाकत होतो आणि त्यात काही विशेष आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

घरी दोन मोजण्या करा. शेजारी माणूस उभा असल्याशिवाय करू नका.

पहिली: हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठा-बसा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील किंवा हात न टेकता उठताच येत नसेल, तर लिहून ठेवा. गुडघे झिजलेल्या माणसाला तसाही वेळ लागतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. दर आठवड्याला त्याच खुर्चीवर, त्याच वेळी मोजा आणि आकडा वाढतोय का ते पाहा.

दुसरी: दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर धरा आणि किती सेकंद टिकतात ते पाहा.

तपासून पाहा: वहीत तारीख, उठा-बस सेकंद, हात सेकंद असे तीन रकाने झाले का? "अशक्तपणा वाटतो" या वाक्यापेक्षा "१२ जूनला १४ सेकंद, ३ जुलैला २६ सेकंद" ही नोंद डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगून जाते.

## २. घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडा

प्रिस्क्रिप्शनवर विसंबू नका. डबा उलटा करा, प्रत्येक पट्टीची मागची बाजू वाचा. भिंग लागलं तर घ्या. अॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन, प्रावास्टॅटिन, पिटावास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन यांपैकी काही दिसलं की ती स्टॅटिन. पुढे ती स्टोरवास, अटोर्वा, रोझुव्हास, रोझाव्हेल अशा कोणत्याही नावाने असो. निस्टॅटिन हे मात्र बुरशीवरचं औषध आहे, त्याचा इथे संबंध नाही.

सर्वात मोठा घोटाळा जोडगोळ्यांत होतो. इकोस्प्रिन-एव्हीत अॅस्पिरिनबरोबर अॅटोर्वास्टॅटिन असतं. इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्यावर क्लोपिडोग्रेलही असतं. लोक त्याला "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात, आणि ते अर्धंच खरं. डोंबिवलीच्या एका काकांची स्टॅटिन "बंद" होऊन तीन महिने झाले होते, असं घरचे शपथेवर सांगत होते. कोलेस्टेरॉलची गोळी खरंच बंद होती. रात्रीच्या कॅप्सूलमधली दहा मिलीग्रॅम मात्र रोज पोटात जात होती.

आणखी काय शोधायचं:

- कोलेस्टेरॉलसाठीची "नैसर्गिक" पावडर किंवा कॅप्सूल. रेड यीस्ट राइस लिहिलेलं असेल तर त्यातला मोनाकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच.
- क्लॅरिथ्रोमायसिन आणि इट्राकोनॅझोल. मुंबईच्या दमट हवेत नायटा झाला की इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे चालतं, आणि त्याने अॅटोर्वास्टॅटिन व सिम्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. यातून स्नायूंना थेट विषबाधेसारखी इजा होते. ती वेगळी गोष्ट आहे, आणि म्हणूनच डॉक्टरांना ती कळायला हवी.
- गाऊटसाठी कोल्चिसिन, ट्रायग्लिसराइडसाठी फिब्रेट गटातली औषधं, रोजची दारू.

प्रत्येक पट्टीचा पुढून-मागून फोटो काढा. कधीपासून चालू, डोस कधी वाढवला, कंपनी कधी बदलली, हे आठवेल तितकं लिहा. "चार वर्षं घेतोय, तेव्हा काही झालं नाही, मग आत्ताच कसं होईल?" हा युक्तिवाद इथे चालत नाही. हा आजार गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी होतो, तसा कित्येक वर्षांनीही होतो.

## ३. या खुणा असतील तर पुढचं वाचत बसू नका

- लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद
- पाणी पिताना ठसका, घास घशात अडकणं, नाकातून पाणी येणं
- सपाट झोपल्यावर दम लागणं, मान उशीवरून उचलता न येणं
- दोन-चार दिवसांत झपाट्याने ताकद जाणं
- छातीत दुखणं

यातलं एकही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयाचा तातडी विभाग गाठा. १०८ला फोन करा किंवा टॅक्सी करा, पण ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. गडद लघवीचा अर्थ तुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडावर चाललंय असा असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. गिळायला त्रास होत असेल तर वाटेत पाणी, चहा, बिस्किट काही देऊ नका.

## ४. गोळी थांबवणं: काय थांबवायचं आणि काय अजिबात नाही

ताकद खरोखर कमी झाली असेल किंवा लघवी गडद असेल, तर स्टॅटिनचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. तेही बहुधा "थांबवा"च म्हणतात. नुसतं अंग दुखत असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आधी सीपीके करा, मग ठरवा.

सावधान: जोडगोळी बंद करताना तिच्यातलं अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही बंद होतं. स्टेंट बसवलेल्या माणसाला हे जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारा: "यातली फक्त स्टॅटिन काढायचीय, मग अॅस्पिरिन वेगळं कोणतं आणि कधीपासून?" नवीन पट्टी हातात आल्यावरच जुनी बाजूला ठेवा.

थांबवल्याची तारीख वहीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि वर गोल करा. पुढचे सगळे निर्णय त्या तारखेपासून मोजायचे आहेत. त्याच दिवशी जुन्या पट्ट्या घराबाहेर काढा. सवयीने हात जातो.

## ५. रक्ततपासणी: तयारी आणि दोन सापळे

सीपीकेसाठी उपाशी राहावं लागत नाही. पण आधी आठवडाभर जिम नको, ट्रेक नको, घरातलं फर्निचर सरकवणं नको. जानेवारीत मॅरेथॉन धावून आलेल्या धडधाकट माणसाचंही सीपीके हजारांत जातं. दंडावर किंवा कमरेवर स्नायूत इंजेक्शन घेतलं असेल, माणूस पडला असेल, तर तेही लॅबच्या फॉर्मवर लिहा. ईएमजी ही सुईची तपासणी सांगितली असेल तर रक्त तिच्या आधी द्या. दर वेळी लॅब तीच ठेवा.

एका वेळच्या रक्तात एवढं मागून घ्या: सीपीके टोटल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी, टीएसएच, व्हिटॅमिन डी, साखर, आणि लघवीची साधी तपासणी. थायरॉइड मंद असलं तरी सीपीके वाढतं आणि ताकद कमी होते, तेव्हा टीएसएच चुकवू नका. लघवीत पट्टीवर "रक्त" पॉझिटिव्ह पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, असं आलं तर ते मायोग्लोबिन असू शकतं. हा मुद्दा रिपोर्टवर पेन्सिलने खूण करून दाखवा.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आला असाल आणि ताप, पोटऱ्या दुखणं असं सोबत असेल, तर आधी लेप्टो तपासा. त्यातही सीपीके वाढतं, आणि त्याचा उपचार वेगळा नि तातडीचा आहे.

पहिला सापळा, यकृताचा. एसजीओटी आणि एसजीपीटी फक्त यकृतात नसतात, स्नायूंतही असतात. स्नायू मरत असले की दोन्ही वाढतात, आणि कागदावर "लिव्हर फंक्शन टेस्ट" छापलेलं असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष यकृताकडे जातं. आईच्या बाबतीत हेच झालं. सोनोग्राफी झाली, तेलकट बंद झालं, दोन महिने लिव्हरचं टॉनिक चाललं. जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल, पण एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं, असं दिसलं की त्याच दिवशी सीपीके मागा. एवढी एक गोष्ट तेव्हा कुणी सांगितली असती तर तिचे दोन महिने वाचले असते.

दुसरा सापळा, हृदयाचा. या आजारात सीके-एमबी आणि ट्रोपोनिन-टी, म्हणजे हार्ट अटॅक ओळखायला रक्तात बघतात ते घटक, हेही स्नायूंमधून वाढलेले दिसू शकतात आणि हार्ट अटॅकचा संशय येतो. छातीत दुखत असेल तर तो संशय आधी फेडायलाच हवा, ईसीजी व्हायलाच हवा. पण छातीत काही नसताना आणि ईसीजी स्वच्छ असताना ट्रोपोनिन-आय करून घेता येतं. ते हृदयाचं जास्त नेमकं सांगतं.

आकड्यांचा ढोबळ अर्थ: सीपीके नॉर्मल असेल तर हा आजार बहुतेक नाही, दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधा. थोडं वाढलेलं असेल, दुप्पट-तिप्पट, तर कारणं अनेक. नॉर्मलच्या दहापट किंवा त्याहून जास्त, शिवाय ताकद गेलेली, तर पुढच्या टप्प्यात दिरंगाई नको.

## ६. कॅलेंडर: किती दिवस थांबायचं?

गोळीच्या साध्या त्रासात बंद केल्यावर काही आठवड्यांत बरं वाटतं आणि सीपीके उतरत जातं. जास्तीत जास्त दोन महिने धरतात. म्हणून "वाट पाहा" हा सल्ला चुकीचा नाही. वाट पाहताना मोजलं नाही, तर मात्र तो महागात पडतो.

गोल केलेल्या तारखेपासून दोन आठवड्यांनी सीपीके. पुन्हा दोन आठवड्यांनी सीपीके. खुर्चीची मोजणी दर रविवारी. सीपीके निम्म्याहून खाली आलं आणि सेकंदही कमी होतायत, तर ठीक चाललंय. सीपीके तिथेच अडलंय, चढतंय किंवा उतरूनही ताकद घसरतेय, तर गोळी हे आता कारण उरलेलं नाही. लगेच सातव्या टप्प्यावर या.

आणि सुरुवातीलाच सीपीके हजारांत असेल, जिना चढवत नसेल, तर हे कॅलेंडर तुमच्यासाठी नाहीच. प्रतिपिंडाची तपासणी पहिल्याच आठवड्यात पाठवायला सांगा. तिचा रिपोर्ट यायला तसेही दिवस लागतात.

## ७. प्रतिपिंडाची तपासणी नाव घेऊन मागा

तपासणीचं नाव अँटी-एचएमजीसीआर, म्हणजे वर सांगितलेल्या एचएमजी-सीओए रिडक्टेजविरुद्धची प्रतिपिंडं. हे नाव चिठ्ठीवर अक्षरशः असायला हवं. लोक इथे तीन प्रकारे चुकतात.

एक, एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का, हे बघायची नेहमीची तपासणी) करतात, ते निगेटिव्ह येतं आणि "ऑटोइम्यून काही नाही" असा निष्कर्ष निघतो. या आजारात एएनए निगेटिव्ह असू शकतं.

दोन, "मायोसायटिस पॅनेल", म्हणजे स्नायूंच्या अशा आजारांतल्या बऱ्याच प्रतिपिंडांची एकत्र तपासणी, करतात. नावावरून त्यात सगळं असेल असं वाटतं, पण बऱ्याच पॅनेलमध्ये एचएमजीसीआर नसतं. आमचं पहिलं पॅनेल सगळंच्या सगळं निगेटिव्ह आलं होतं. मी रिपोर्टची यादी वरून खाली बोटाने वाचत गेलो, जो-वन, एमआय-टू, एसआरपी, केयू... एचएमजीसीआर त्या कागदावर कुठेच नव्हतं. म्हणजे जी तपासणी हवी होती ती सोडून बाकी सगळ्या झाल्या होत्या. पैसे देण्याआधी लॅबला फोन करून विचारा: "या पॅनेलमध्ये एचएमजीसीआर आहे का? नसेल तर वेगळं किती आणि किती दिवसांत?" एसआरपी यादीत असलं तर चांगलंच. त्या प्रतिपिंडाचा आजार याच गटातला दुसरा आहे, पण त्याचा स्टॅटिनशी संबंध नाही.

तीन, ताकद शाबूत, सीपीके नॉर्मल, नुसतं पोटरीत दुखतंय, तरी ही तपासणी करून बसतात. गरज नाही. पैसे वाचवा.

## ८. कोणत्या डॉक्टरांकडे, आणि तपासण्या कोणत्या क्रमाने

हाडांच्या डॉक्टरांकडे नाही. संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, किंवा स्नायूंचे आजार बघणारे न्यूरोलॉजिस्ट. खासगीत परवडत नसेल तर परळचं केईएम, सायन, नायर, जेजे ही मोठी रुग्णालयं आहेत. ज्या विभागात जायचंय त्याची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारा, आणि केसपेपर काढायला सकाळी लवकर रांगेत उभे राहा. पेशंटला उभं करू नका. सोबत दोन माणसं हवीत, एक रांगेत आणि एक पेशंटजवळ. व्हीलचेअर दारातच मागा.

फाइलमध्ये वरपासून या क्रमाने कागद लावा: एका पानावर तारीखवार हकीकत, खुर्चीच्या मोजण्या, सीपीकेचे आकडे तारखेनुसार, औषधांची यादी, मग रिपोर्ट. गर्दीच्या ओपीडीत मिळणारी पाच-सात मिनिटं डॉक्टरांनी पेशंट तपासण्यात घालवावीत, कागद चाळण्यात नाही.

पुढच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील. क्रम सहसा असा: रक्त, मग ईएमजी, मग मांड्यांचं एमआरआय, आणि लागलीच तर स्नायूची बायोप्सी. दोन गोष्टी तुम्ही लक्षात ठेवा. ईएमजीची सुई ज्या बाजूला टोचली, बायोप्सी त्याच स्नायूची नको. सुईनेच तिथे इजा झालेली असते. म्हणून कोणत्या पायाला ईएमजी झालं ते लिहून ठेवा. आणि स्टेरॉइड आधीच सुरू केलं असेल तर बायोप्सीच्या डॉक्टरांना सांगा.

बायोप्सीला बरेच जण घाबरतात. ताकद गेलेली, सीपीके खूप वाढलेलं आणि एचएमजीसीआर पॉझिटिव्ह अशी तिन्ही गोष्टी जुळली, तर निदानासाठी बायोप्सी लागतेच असं नाही. २०१६च्या युरोपियन तज्ज्ञगटाच्या बैठकीतले निकष तसेच आहेत. "आमच्या बाबतीत ती का हवी?" हे विचारायला संकोच करू नका, आणि उत्तर पटलं तर करून घ्या.

वयाप्रमाणे कर्करोगाच्या नेहमीच्या तपासण्याही याच वेळी सांगितल्या जातात. स्नायूंच्या अशा आजारांसोबत कधी कधी कर्करोग लपलेला असतो, म्हणून ही खबरदारी. सांगितलं म्हणजे झालाच, असा अर्थ काढू नका.

## ९. औषध सुरू होण्याआधी

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणार आहेत. आपल्याकडे त्याआधी टीबी बघायलाच हवा: छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा आयजीआरए. घरात कुणाला कधी टीबी झाला होता का, हेही सांगा, लाज धरू नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बीपी, हाडांची घनता. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी कधी घ्यायच्या ते विचारा. उपचार चालू असताना जिवंत विषाणूंच्या लशी चालत नाहीत.

तपासून पाहा: हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट हातात आला का? रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने दबून राहिलेला हा विषाणू उसळतो. टीबीसारखीच हीही तपासणी राहून चालणार नाही.

## १०. औषधं: घरच्यांकडून होणाऱ्या चुका

स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट किंवा अॅझाथायोप्रिन, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे आयव्हीआयजी, आणि रिटुक्सिमॅब. यातलं काय, किती, कशासोबत, हे तज्ज्ञ ठरवतील. घरच्यांनी सांभाळायच्या गोष्टी या:

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, पट्टीवर तो वार मार्करने लिहा. आमच्याकडे गुरुवार ठरला, कारण त्या दिवशी आई दत्ताचं करते, विसरायचा प्रश्न नाही. नवीन पट्टी आणली की डोसचे मिलीग्रॅम पुन्हा ताडून पाहा. फॉलिक अॅसिड कोणत्या दिवशी ते वेगळं लिहून घ्या, दोन्ही पिवळसर गोळ्या असल्या की गोंधळ होतो. ठरलेल्या अंतराने रक्ततपासणी चुकवू नका.

स्टेरॉइड एकदम बंद करू नका, बरं वाटलं तरी, साखर वाढली तरी. ते पायरी-पायरीने उतरवतात. साखर आठवड्यातून दोनदा तरी बघा.

आयव्हीआयजीचा हिशेब वजनावर असतो, बहुधा किलोमागे दोन ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून, आणि सुरुवातीला महिन्याने पुन्हा. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. खर्च लाखांच्या घरात जातो, म्हणून पैशाची सोय डोसच्या तारखेआधी करा. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना पहिल्याच भेटीत गाठा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, देवस्थानांच्या ट्रस्टची मदत यांतलं काय लागू पडतं ते विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड फाइलमध्ये असू द्या. बाटल्या बाहेरून आणत असाल तर बर्फाच्या डब्यात आणा, पण बर्फाला चिकटवून गोठवू नका.

सावधान: या औषधांवर असताना ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस बघू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तर अजिबात नाही. त्याच दिवशी दाखवा आणि कोणती औषधं चालू आहेत ते आधी सांगा. साचलेल्या पाण्यात पाय घालू नका.

सीपीके आधी उतरतं, ताकद मागून येते, कधी महिन्यांनी. आईचं सीपीके आठशेवर आलं तेव्हाही तिला खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत होते, आणि ती रडवेली व्हायची. "रिपोर्ट चांगला म्हणता, मग मी अशी का?" उत्तर एवढंच की मेलेल्या तंतूंच्या जागी नवे यायला वेळ लागतो. उलट, सीपीके उतरलं म्हणून आपल्या मनाने औषध कमी करू नका. कमी करताना आजार पुन्हा उसळी घेतो, हे या आजारात वारंवार दिसतं.

## ११. घरातली मांडणी आणि व्यायाम

पूर्ण झोपून राहणं चुकीचं, आणि "जिना चढवा, पाय मोकळे होतील" म्हणून जबरदस्ती करणंही चुकीचं. फिजिओथेरपिस्टला पहिल्या महिन्यातच बोलवा. थोडं, रोज, दमणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत उरणार नाही इतपत.

पलंगाच्या पायांखाली ठोकळे, संडासावर उंच खुर्ची, भिंतीला दांडा, खुर्चीत जाड उशी. उंची चार बोटं वाढली की उठणं किती सोपं होतं ते पाहून आश्चर्य वाटेल. उचलताना काखेत हात घालून ओढू नका, खांदेही कमजोर असतात. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा. गिळायला त्रास असेल तर पातळ पेज, ताक यांनीच ठसका जास्त लागतो. काय द्यायचं ते गिळण्याच्या तज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

## १२. कोलेस्टेरॉलचं पुढे काय?

एचएमजीसीआर पॉझिटिव्ह आल्यावर स्टॅटिन पुन्हा नाही. दुसऱ्या कंपनीची नाही, अर्ध्या डोसची नाही, दिवसाआड नाही. साध्या स्नायुदुखीत डॉक्टर असे प्रयोग करतात आणि ते बरोबरही असतात, पण इथे ते चालत नाहीत. रेड यीस्ट राइस नाही. धिंगरी अळंबीतही लोव्हास्टॅटिन सापडतं, तेव्हा तीही टाळलेली बरी.

हृदयाची काळजी मात्र सुटत नाही. हृदयविकारतज्ज्ञांशी इझेटिमाइब, बेंपेडोइक अॅसिड आणि पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शनं, म्हणजे इव्होलोक्युमॅब किंवा अॅलिरोक्युमॅब, यांवर बोला. ही औषधं स्टॅटिन नाहीत.

धोका पुढेच असतो. तीन वर्षांनी छातीत दुखून कुणाला मध्यरात्री दाखल केलं, तर तिथले डॉक्टर नियमाप्रमाणे मोठ्या डोसची अॅटोर्वास्टॅटिन देतील, आणि त्यांच्या जागी ते योग्यच असेल. त्यांना आधी कळायला हवं. म्हणून आईच्या आधार कार्डाच्या पाकिटात, तिच्या मोबाइलच्या मागे आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत हे लिहिलेलं आहे. तसंच उतरवून घ्या, इंग्रजीतही लिहा:

"अँटी-एचएमजीसीआर पॉझिटिव्ह नेक्रोटायझिंग मायोपॅथी. कोणतीही स्टॅटिन देऊ नये, जोडगोळीतसुद्धा. एसजीओटी, एसजीपीटी, सीके-एमबी, ट्रोपोनिन-टी स्नायूंमुळे वाढलेले असू शकतात. मेथोट्रेक्सेट चालू, फक्त गुरुवारी." खाली तज्ज्ञ डॉक्टरांचा आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर.